धुऱ्यावरची तेवीस नावं

यातलं काहीही मी रंगवून सांगत नाहीये. खोटं वाटत असेल तर इथेच थांबा.

ऑक्टोबर २०१७. घाटंजीजवळ वामनरावांचं कपाशीचं शेत. भर दुपार.

मी, गझाला, तेव्हा वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रानझाडांच्या किती जाती उरल्यात ते मोजायचं होतं. पुस्तकात सापडेना ते मला तानाबाईनं शिकवलं. ती त्या शेतातली मजूर. पान चुरगाळून हुंगायला द्यायची, मग नाव सांगायची. ऑगस्टमध्ये आम्ही दोघींनी तेवीस जाती मोजल्या होत्या.

त्या दिवशी दुसरी मोजणी होती.

सगळा धुरा जळालेला. तणनाशक... एक हिरवं पान शिल्लक नाही.

आणि आवाजच नव्हता. नाकतोडा नाही, पाखरू नाही.

माशीसुद्धा नाही.

मी वहीत शून्य लिहिणार, तेवढ्यात कपाशीतून आवाज आला...

"लिव पोरी. तरोटा."

तानाबाईचाच.

"केना... कुरडू... आघाडा..."

मी लिहीत गेले. तेवीस नावं झाली. कपाशीचं एक पान हललं नाही.

"मावशी, कुठी हायेस तू?"

"इकडं नोको येऊ. दवा मारेल हाये."

मी धुऱ्यावरूनच डोकावून पाहिलं, कपाशीत कुणीच नव्हतं.

मी तडक तिच्या घरी गेले. दारात तिची मुलगी जमनी बसली होती. आईला जाऊन अकरा दिवस झाले, म्हणाली. डोक्याएवढ्या उंच कपाशीत वामनरावांनी तिला कीटकनाशक फवारायला लावलं. तोंडाला नुसता पदर. आधी डोळ्यांनी दिसेना, मग श्वास लागला.

मी वामनरावांकडे गेले. ते जेवत होते. वाऱ्याच्या तोंडाला उभी राहिली, तिचीच चूक, म्हणाले. मी काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. ते ताटावरून उठले नाहीत.

कॉलेजात माझ्या मार्गदर्शक सरांनी त्या यादीवर लाल रेघ मारली. दिसलं तेवढंच लिहा, शून्य. प्रबंधातल्या आभाराच्या पानावरून तानाबाईचं नावही काढायला लावलं. मजुरांचे आभार मानत नाहीत म्हणे.

मी काढलं.

पास झाले. त्या दोघांचा राग येतोच, पण सगळ्यात जास्त माझा येतो. आजही.

आता मी स्वतः शिकवते. शेतात मुली विचारतात, मॅडम, हे कोणतं झाड?

मी लगेच उत्तर देते. येत नसलं तरी काहीतरी सांगते.

तिथे मी गप्प राहिले, आणि उत्तर पिकातून आलं तर... मला भीती वाटते.