सात नंबरच्या मशीनची तारीख

छायाचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते, आणि मोतीराम आहेरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र लहानसंच होतं. 'सर, दोन प्रोजेक्ट सारखे आहेत हे तुम्हीच दाखवलंत. त्यातला चोरीचा कोणता, हे मात्र सांगितलं नाहीत. कॉलेज म्हणतंय, माझा. महिनाअखेरच्या शनिवारी समिती बसेल आणि मला काढून टाकतील. तुम्हालाही तसंच वाटतं का?'

उत्तर लिहायला मोतीराम सर अनेकदा बसले. पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. कॉम्प्युटर शिकला तो उतारवयात, पुस्तकं वाचून. बाहेरचा परीक्षक म्हणून बोलावलं की जायचं, गुण द्यायचे, खाली मान घालून परत यायचं. आपल्याला त्यातलं असं काय कळतं? या प्रश्नापाशी पेन थांबायचं.

"अहो, हो की नाही एवढंच कळवायचंय त्या पोरीला," सिंधुबाई म्हणाल्या.

"तेच तर माहीत नाही."

"मग जाऊन बघा! पंख्याखाली बसून कळणारे का? उद्या शनिवार आहे."

मोतीराम सरांनी चपला घातल्या.

कॉलेजपर्यंतच्या रस्त्यात त्यांना ती परीक्षा आठवत राहिली. छाया मखमलाबादची, फुलं पिकवणाऱ्या घरातली. फूलबाजारातल्या आडतीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम तिने केला होता. त्याचे पडदे, म्हणजे कॉम्प्युटरवर काय कुठे दिसेल ते, तिने आधी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर काढले होते. पत्रिका आईसमोर मांडायच्या, आईचं बोट चुकीच्या जागी गेलं की चौकोन हलवायचा. असं पुन:पुन्हा केल्यावर तिने कॉम्प्युटरला हात लावला होता. सर मनापासून खूश झाले होते.

त्याच दुपारी समर्थ आला. मालेगावच्या सुताच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तेच पडदे, तेच रंग. शेवंतीचा भाव टाकला की यादी एक ओळ वर उडायची, ती चूकसुद्धा तीच. सरांनी अहवालात तसं लिहिलं. पुढचं कॉलेज बघेल, असं त्यांना वाटलं होतं.

कॉलेजने बघितलं होतं.

प्रयोगशाळा प्रा. निकुंभांच्या ताब्यात होती. ते टेबलामागे पेढे खात बसले होते. शेजारी समर्थ उभा.

"या या, आहेर सर! पेढा घ्या, समर्थला पुण्यात नोकरी लागली."

पेढ्यावर त्यांच्या बोटाचा ओला ठसा होता. सरांनी तो कागदावर ठेवून दिला.

निकुंभांनी छायाचा अहवाल पुढे ओढला. बोट जिभेला लावायचं, पान उलटायचं. पुन्हा जिभेला, पुन्हा पान. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर तुपाचा, थुंकीचा डाग उमटत होता.

"बघा ना, किती साळसूद! चोरीचा माल आणि वर लग्नपत्रिकांचा पोरखेळ."

"चोरी तिनेच केली, हे कशावरून?"

"मशीनच साक्ष देतंय की." निकुंभांनी सात नंबरचं मशीन लावलं. "समर्थची पहिली फाइल. वाचा तारीख."

"अठरा ऑक्टोबर."

"आणि तिची पहिली फाइल दिवाळीनंतरची. आता बोला!"

"समर्थने हे घरी केलं असेल, नंतर इथे आणून..."

"छे! हा हॉस्टेलवर राहतो, कुठला आलाय कॉम्प्युटर? सगळं काम इथेच, याच मशीनवर. काय रे?"

समर्थने जमिनीकडे बघत मान हलवली.

"आणि तारीख कुणी बदलली असली तर?"

निकुंभ मोठ्यांदा हसले. "पुस्तकात वाचलंत वाटतं? आमच्याकडे तारखेला पोरांचा हात लागत नाही. माझा पासवर्ड लागतो, आणि तो मी बायकोलाही सांगितलेला नाही."

सरांनी समर्थकडे वळून विचारलं, "बाळ, तुझ्या प्रोग्राममध्ये 'जुडी' असा चौकोन आहे. जुडीत गुलाब किती धरलेस?"

"सर... ते... मशीनच काढतं."

"घाबरलाय हो तो," निकुंभ मध्येच म्हणाले. "त्यावरून काय सिद्ध होतं?"

खरंच काहीच होत नव्हतं. सरांना स्वतःचीच लाज वाटली. निकुंभांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून ते भिंतीकडे बघत राहिले. तिथे एक फोटो लावला होता. मशीनच्या रांगा, प्रत्येक मशीनवर झेंडूची माळ, काळेभोर पडदे, आणि पुढे सोवळं नेसलेले निकुंभ हात जोडून.

"खंडेनवमी," निकुंभ अभिमानाने म्हणाले. "आपली शस्त्रंच ती. सकाळी पूजा मांडली की मेन स्विच बंद, कुलूप लावायचं, किल्ली माझ्या जानव्याला. दसरा उलटेपर्यंत कुणी बोट लावत नाही. आजवर मोडलं नाही मी हे. श्रद्धा आहे, सर!"

असं म्हणून त्यांनी सात नंबरच्या मशीनला हात लावून तो छातीशी नेला. हाताचं तूप मशीनवर चकाकत राहिलं.

मोतीराम सर फोटोच्या अगदी जवळ गेले. चष्मा वर केला. कोपऱ्यात, कॅमेऱ्यानेच उमटवलेले, बारीक केशरी आकडे होते. ते वाचून सर तडक घरी निघाले.

शनिवारी प्राचार्यांच्या खोलीत समिती बसली. निकुंभ होते, समर्थ होता. छाया नव्हती.

"तिला बोलावलं नाही?" सरांनी विचारलं.

"मुलीला कशाला उगाच," प्राचार्य म्हणाले. "निर्णय कळवूच."

मोतीराम सरांनी पाण्याचा घोट घेतला.

"मला फार कळतं असं नाही. काल निकुंभ सरांनी जे सांगितलं, तेवढंच परत सांगतो. समर्थने सगळं काम सात नंबरच्या मशीनवर केलं. बरोबर ना?"

"बरोबर," निकुंभ म्हणाले.

"पहिली फाइल अठरा ऑक्टोबरची."

"हो."

"खंडेनवमीला मशीनं बंद असतात. मेन स्विच बंद, किल्ली तुमच्याकडे."

"आता त्याचा इथे काय..."

"गेल्या वर्षी खंडेनवमी अठरा ऑक्टोबरलाच होती."

प्राचार्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"भिंतीवरच्या फोटोत तारीख आहे. सात नंबरवर माळ आहे."

"कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात!" निकुंभ उसळले. "त्यात कुणी काहीही लावतं."

"मलाही ती शंका आली." सरांनी पिशवीतून गुंडाळी काढली. "हे गेल्या वर्षीचं कॅलेंडर. आमच्या घरी मागच्या पानांवरच्या पाककृतींसाठी जुनी जपून ठेवतात. बघा. सोमवार, अठरा. खंडेनवमी."

प्राचार्यांनी कॅलेंडर जवळ घेतलं. ते हातातच राहिलं.

"बंद मशीनवर फाइल तयार होत नाही. म्हणजे ती तारीख मागाहून टाकली. दिवाळीच्या आधीची कुठलीतरी हवी होती, सुचली ती टाकली. इंग्रजी तारीख टाकताना तिथी कुणाच्या ध्यानात येते? माझ्याही आली नसती. आता, ही तारीख कोण बदलू शकतं?" त्यांनी निकुंभांकडे बघितलं. पहिल्यांदाच, सरळ. "तुम्हीच म्हणालात. बायकोलाही पासवर्ड सांगितलेला नाही."

"हा आरोप आहे! माझ्यावर?"

"समर्थ," सर हळूच म्हणाले, "ऑक्टोबरात तुझं काय काम झालं होतं?"

समर्थचा चेहरा पांढरा पडला. "मी सुरूच केलं नव्हतं, सर. निकुंभ सर म्हणाले, त्यांच्या खासगी क्लासमध्ये तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, वडलांशी बोलून घेतो. फेब्रुवारीत फ्लॉपी दिली, पाठ कर म्हणाले. छायाचा आहे हे मला... शपथ, मला नंतर कळलं."

"गप्प बस, मूर्खा!" निकुंभ ओरडले.

"दोघांची परीक्षा वेगवेगळ्या परीक्षकांकडे होती," सर म्हणाले. "ऐनवेळी बॅच बदलली आणि दोघं माझ्यापुढे आले. नाहीतर कुणाला कळलंही नसतं. सारखेपणा उघड झाला तेव्हा एकाला चोर ठरवणं भाग होतं. छाया तुमची विद्यार्थिनी. तिच्या फायली तपासायला तुमच्याकडेच यायच्या. तिचंच काम तुम्ही विकलंत, आणि वर तिलाच चोर केलंत."

निकुंभ खाली बसले. खिशातून रुमाल काढून बोटं पुसू लागले, एकेक करून, सावकाश.

प्राचार्य खाकरले. शिपायाला दार ओढून घ्यायला सांगितलं.

"आहेर सर, उपकार झाले. मुलीवरची कारवाई मागे घेऊ. ती पास होईल. निकुंभांना मी समज देतो." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "फक्त कारण आपण 'यंत्रातील बिघाड' असं लिहू. कॉलेजचं नाव, प्रवेशाचे दिवस... तुम्ही समजूतदार आहात. इथे सही करा."

"आणि वर्गात तिला चोर म्हणतात, त्याचं?"

"लोक विसरतात हो! चहा घेणार?"

चहा आलाच होता. वर जाड साय धरलेली. निकुंभांनी कप उचलला, साय बोटाने काढून तोंडात टाकली आणि अगदी घरच्यासारखं हसले. "झालं गेलं, सर. सोडून द्या."

मोतीराम सर उठले. सही न केलेला कागद त्यांनी निकुंभांच्या बशीखाली सरकवून दिला.

घरी येऊन आधी त्यांनी साबणाने हात धुतले, मग पुन्हा धुतले. सर टेबलाशी बसले आणि या वेळी पेन कुठे थांबलं नाही.

'चि. छाया, नाही. मला तसं वाटत नाही, आणि आता ते सिद्धही झालं आहे. चोरीचा प्रोजेक्ट समर्थचा. तो तुझाच होता, आणि प्रा. निकुंभांनी तो त्याला विकला. मशीनची तारीखही त्यांनीच बदलली. प्रोजेक्ट त्यांच्याकडून घेतल्याचं समर्थने समितीपुढे कबूल केलं. कॉलेज तुला यंत्रातील बिघाड असं कळवेल. ते खोटं आहे. हे पत्र विद्यापीठाला दाखव, वर्तमानपत्राला दाखव, वर्गात वाचून दाखव. कुणी विचारलं तर मी येऊन सांगेन. उशिराबद्दल माझ्यावर रागाव.'

खाली त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सही केली.

"उद्या टाका, ऊन फार आहे," सिंधुबाई म्हणाल्या.

"आत्ताच जातो. उद्यापर्यंत मला परत शंका येईल."

कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीचा पत्रा तापला होता. सरांनी झडप उचलली, पाकीट आत सोडलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज आल्यावरच हात काढला.