रेवतीआक्काची हिरवी पट्टी

रेवतीआक्कानं तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याच हाताच्या मनगटाकडं पाहिलं. पट्टी हिरवी. कालही हिरवी, परवाही हिरवीच. तिनं पट्टीला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली.

"आक्का, रस्सा!"

"आक्का, कांदा संपला काय?"

"आक्का, आज मीठ कुठं हरवलंय?"

प्रत्येक हाकेसरशी पट्टी खुशीत आल्यासारखी आणखी उजळत होती.

इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या गल्लीत रेवतीची खानावळ होती. गेल्या दीड वर्षापासून गल्लीतल्या झाडून सगळ्यांच्या मनगटावर ही 'सोबतपट्टी' होती. दिवसभरात तुमच्याशी किती जण बोलले, कुठल्या सुरात बोलले, नाडी कशी चालली, झोप किती लागली हे सगळं ती टिपायची आणि माणूस किती एकटा पडलाय ते रंगानं सांगायची. एकटा पडलेला, खचलेला माणूस स्वतःला जपत नाही. नको तिथं आधार शोधतो, निरोध विसरतो, तपासणीला जायचं टाळतो. म्हणून एचआयव्हीचा धोका रक्तात उतरण्याआधी मनातच हेरायचा, असा योजनेचा विचार होता. पट्टी लाल झाली की सहा महिने पुरणारी प्रतिबंधक सुई मिळायची. कुणी मागायचं नाही, कुणी कारण विचारायचं नाही. "आपल्याला कशाला लागतीया? पट्टी म्हणती म्हणून घ्यायची," असं म्हणत भले भले मिशीवाले बाही वर करायचे.

गंमत अशी की शेजारच्या मागाच्या कारखान्यातले बावीसच्या बावीस कामगार लाल होते. अख्ख्या शहरात एवढी दुःखी माणसं नाहीत, असं यंत्राचं म्हणणं. ती दुःखी माणसं आत्ता खानावळीत बसून एकमेकांच्या ताटातले पापड पळवत होती.

आणि आक्का? अख्ख्या गल्लीत सगळ्यात हिरवी. तिला दिवसातून तीनशे वेळा हाक यायची, तीही मायेनं. यंत्राच्या लेखी तिच्याइतकी सुखी बाई पंचक्रोशीत नव्हती.

सुई हवी होती ती नेमकी तिलाच.

तिचा नवरा सुहास सुरतेला मागावर होता. माणूस हसरा, बोलका, नकला करून घर डोक्यावर घेणारा. पण महिन्याभरापूर्वी फोनवर तो एकही नक्कल न करता म्हणाला, "रेवती, माझं हितं एकदा चुकलंय." तपासणी कर म्हटलं तर म्हणाला, भीती वाटते. तो शनिवारी घरी येणार होता. त्याला दारातूनच परत पाठवायचं तिला जमणार नव्हतं, कारण राग होता तितकीच त्याची ओढही होती. नव्या सुईचं कवच दोन दिवसांत उभं राहायचं, म्हणजे गुरुवारपर्यंत ती टोचली पाहिजे. आणि तोंडानं मागून बघावी तर आरोग्य केंद्रातली कागद भरणारी बाई तिच्याच गल्लीतली. उद्या कुजबुज सुरू झाली, तर हिच्या हातची भाकरी कोण खाणार? पोट त्याच भाकरीवर होतं.

मग पट्टीच लाल करायची, असं तिनं ठरवलं.

सोमवारी तिनं मौन धरलं. झालं उलटंच. "आक्का, बोलत का न्हाईस?" "आक्का, घसा बसला काय?" "आक्का, आमचं काय चुकलं काय?" एरवी दोनदा हाक मारणारा सहादा मारू लागला. संध्याकाळी पट्टी पानावरच्या मिरचीसारखी हिरवीगार. मंगळवारी तिनं डोकं दुखतंय म्हणून दार लावून घेतलं, तर गल्लीतल्या निम्म्या बायका काढ्याची भांडी घेऊन दारात. आक्काला हसावं की रडावं कळेना.

बुधवारी मात्र तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कारखान्यात गेलेला प्रत्येक जण लाल होतो ना? मग आपणच का जाऊ नये! तिनं दुपारचे डबे स्वतः उचलले आणि आत शिरली.

आत चोवीस मागांचा खडखडाट. कानाशी ओरडलं तरी ऐकू येऊ नये असा. आक्का भिंतीला टेकून उभी राहिली आणि पाहतच राहिली. सगळे बोलत होते, पण हातांनी. मागवाल्यांच्या किती पिढ्या अशाच बोलत आल्या होत्या. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला पोरीच्या लग्नाचा मांडव केवढा घातला ते सांगत होता. इरगोंडा आण्णा, कारखान्यातला सगळ्यात जुना कारागीर, एका पोरगेल्या कामगाराकडं बघून स्वतःच्या दंडाला चिमटा काढत होता आणि दोन बोटं नाचवत होता. सुईची तारीख परवा आहे, विसरू नको. पोरानं मान डोलावली. लाज नाही, संकोच नाही. जे तोंडातून निघालं नसतं ते हातांतून सहज निघत होतं.

मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या नसीमचं लक्ष तिच्याकडं गेलं. ती रोज हिच्याकडं जेवायची, रोज "आक्का, वाढ" म्हणायची. आज तिनं हात छातीवर ठेवला, मग पंजा पालथा करून हलवला. आत काय बिनसलंय?

आक्कानं हातातले डबे खाली ठेवले. तीनशे हाकांमध्ये हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग नसलेल्या मिशीला पीळ दिला. नवरा. लांबवर बोट दाखवलं. सुरत. बोटं अडखळत होती, पण नसीमला कळत होतं. शेवटी आक्कानं दंडाला चिमटा काढला आणि मूठ पोटाशी घट्ट धरली. सुई हवी. भीती वाटते. इरगोंडा आण्णा समोरच होता. तो शांतपणे पाठ फिरवून उभा राहिला आणि येणाजाणाऱ्यांना हातानंच दुसऱ्या वाटेनं पिटाळू लागला. नसीमनं कांडी खाली ठेवली आणि आक्काचे दोन्ही हात हातात घेतले. आक्का रडली, मोकळेपणानं, आणि आवाजाची पर्वा न करता.

तीन तास ती तिथंच बसली होती. जन्मात एवढं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. बाहेर येऊन पाहते तर पट्टी लालभडक.

गुरुवारी सकाळी योजनेची समुपदेशक शर्वरी खोत धावतपळत खानावळीत आली. हातात थंड पेटी, चेहरा काळजीनं उतरलेला.

"आक्का, काल दुपारी एक ते चार तुमच्याशी कुणी एक शब्दही बोललं नाही? नाडी अशी, जणू ढसाढसा रडलात. यंत्र म्हणतंय, तीव्र एकटेपणा."

"रडले की. झ्याक रडले," आक्का म्हणाली.

शर्वरीनं आतल्या खोलीत आधी तिच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासलं. लागण नव्हती. मग सुई टोचली. आक्काच्या खांद्यावरचं महिन्याभराचं ओझं त्या क्षणी उतरलं. आता गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण तिला खोटं पचेना. तिनं सुहासपासून हातांच्या गप्पांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

शर्वरीनं थंड पेटी बाजूला सारली. "म्हणजे जे लाल आहेत ते एकमेकांना धरून आहेत, आणि जी हिरवी होती ती..."

"तीनशे जण हाक मारत्यात गं. पण हाक म्हंजे वाढ, आण, दे. बाप्याला दहा जणांनी हाक मारली तर तो गप्पा मारतो, बाई कामाला लागती. तुझ्या यंत्राला दोन्ही सारखंच ऐकू येतंय."

"मी हे कळवलं तर यंत्र हातांचं बोलणंही मोजेल आणि कारखाना एका दिवसात हिरवा होईल, आक्का. बावीस जणांची सुई बंद होईल. एकटं नाही म्हणून धोका नाही, असं थोडंच आहे? आणि नाही कळवलं, तर तुमच्यासारख्या सगळ्या हिरव्या बायका..."

बाहेरून हाक आली, "आक्का, भाकरी!"

"हात मोडल्यात काय? टोपलीत हाय, घे की!" आक्कानं आतूनच सुनावलं. बाहेर जोराचा हशा उसळला.

शर्वरीनं हातातल्या टॅबवरचा अर्ज पुढं केला. सुईचं कारण यंत्रानं आधीच भरलं होतं: तीव्र एकटेपणा.

"हे खोड," आक्का म्हणाली.

"मग काय लिहू?"

"तिनं मागितली म्हणून, असं लिही."

शर्वरीनं यादी वरपासून खालपर्यंत सरकवली. एकटेपणा, निद्रानाश, खचलेपण, आणखी अकरा कारणं. "मागितली असं कारणच नाही यात. कुणाला मागावं लागू नये म्हणूनच तर हे यंत्र केलं होतं."

"लाज वाटती म्हणून यंत्र केलंत. त्यापरीस लाजच काढून टाकली असती तर?" आक्कानं पदर खोचला. बावीस जणांचं, गल्लीतल्या बायकांचं आणि शनिवारी येताच तपासणीला धाडायच्या सुहासचंही एकाच दमात ठरवून टाकल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. "जो मागंल त्याला द्यायची, मग पट्टी लाल असू दे न्हाईतर हिरवी. एवढी एक ओळ तुझ्या यंत्रात घालायला किती दिवस लागत्यात?"