मलावीची तूर

"तुमच्या देशात प्यायला पाणी मिळतं का हो?"

त्या निळ्या शर्टवाल्याला हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. अंबिका तरातरा गेली नि विचारून मोकळी झाली!

नांदेडच्या कॉलेजातला मेळावा होता. एकेका जोडीनं एकेक देश लातूर-नांदेडच्या व्यापाऱ्यांपुढं असा मांडायचा, की पैसा गुंतवावासा वाटला पाहिजे. निळा शर्ट, म्हणजे रविकिरण, मलावी देश घेऊन बसला होता.

"लातूरच्या ना तुम्ही?" तिच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचून तो गालात हसला. "मग आधी पाणीच विचारणार! मिळतं की, समुद्राएवढा तलाव हाय आमच्याकडं. पण काठावर मी एकटाच बसून राहिलोय... जोडीदार आजारी पडलाय."

"मग सरका की!"

मागं मैत्रिणी खिदळल्या. अंबिकेचे कान तापले, पण खुर्ची ओढून ती बसलीसुद्धा. ती नुसती बघायला आलेली, तरी मेळावा घेणाऱ्या सरांनीही मान डोलावली. तिनं त्याचे सगळे तक्ते भराभर वाचून काढले... मधूनमधून त्याच्याकडं बघत.

बाहेर अशी वाघीण, पण घरी मात्र तोंडातून शब्द फुटायचा नाही. परवा उदगीरचे पाहुणे तिला बघायला येणार होते. तिला 'नको' म्हणायचं होतं, जमत नव्हतं. आणि तिचे अप्पा, लातूरचे डाळमिलवाले शिवकुमार, समोर पहिल्याच रांगेत बसलेले!

रविकिरणनं लोकसंख्या, रेल्वे, निर्यात असं सगळं सांगितलं. व्यापारी जांभया देऊ लागले.

"पोरा, आकडे राहू दे," म्हातारे मलप्पा आडते म्हणाले. "पोटली सोड."

लातूरच्या बाजारात आधी नमुन्याची पोटली सुटते, दाणा दाताखाली जातो, मगच बोलणं. रविकिरणनं तुरीची पोटली सोडली. मलप्पांनी दाणा चावला.

"अरे, ही तर आपल्या लातूरजवळच्या मुरुडची तूर हाय!"

सभागृह हसून लोटपोट. रविकिरण लालबुंद... तूर त्यानं नांदेडच्याच दुकानातून आणली होती!

अंबिका उठली. "काका, बरोबर ओळखलंत. पण मलावीची तूर आमच्या मिलमध्ये येते, मी चावून बघितलीय. त्या देशाला समुद्र न्हाई. अख्खी तूर दुसऱ्याच्या बंदरावर न्यायची, म्हणजे टरफलाचंसुद्धा भाडं भरायचं! डाळ तिथंच केली तर? आणि डाळ करण्यात लातूरचा हात कोण धरणार?"

"विजेचं काय?" अप्पांनीच विचारलं.

तिनं हातातला तक्ता बाजूला ठेवला. मग सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "जाते, अप्पा. डॉलरचीही चणचण हाय, आणि देशाची सगळी भिस्त तंबाखूच्या निर्यातीवर. हे धरूनच उतरायचं. झाकून मी काही विकणार न्हाई."

"वा गं वाघिणी!" मलप्पांनी मांडीवर थाप मारली. टाळ्या थांबेचनात. पहिला नंबर!

जिन्यात तिनं रविकिरणला गाठलं. "मुरुडच्या तुरीचं आधी का न्हाई सांगितलं?"

"सांगणारच होतो... तुम्ही शेजारी बसलात, मग काही सुधरेना."

"आता सुधरलं?"

"न्हाई. जास्तच बिघडलं." त्यानं मान वर केली. "मला तुम्ही लई आवडता, अंबिका."

"मलाही!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की वरच्या मजल्यावर मैत्रिणी किंचाळल्या.

संध्याकाळी लातूरला घरी पोचल्याबरोबर अप्पा आईला कौतुकानं चषक दाखवायला लागले. अंबिका दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"अप्पा, आई, ऐका. उदगीरच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा. परीक्षा झाली की मी मिलच्या गादीवर बसणार, बाहेरदेशचा माल मीच बघणार. आणि लग्नाचं म्हणाल तर... मुलगा मी निवडलाय. नांदेडचा हाय. रविवारी जेवायला बोलावलाय!"