भिंतीपलीकडचे ठोके

"अहो बाई, जरा हळू ठोका! खुर्चीतून उठून पळाला ना माझा पेशंट!"

शेडच्या दारात शेजारच्या दवाखान्यातला दातांचा तरुण डॉक्टर उभा होता. तिनं छिन्नी खाली ठेवली आणि नाकावरचं फडकं सोडलं. भुवया दगडाच्या पुडीनं माखलेल्या.

"हळू ठोकलं तर दगड ऐकत नाही, डॉक्टर. तुमच्याकडे दात ऐकतात वाटतं?"

तो हसला... आणि तिथंच घोळ झाला! मग रोज दुपारी स्वारी चहाचे दोन कप घेऊन हजर — म्हणे, तक्रार करायला.

पण तिच्या जिवाला एकच घोर होता. काकांच्या ऑफिसातली नोकरी सोडून तिनं ही शेड घेतली होती. बाबांनी बजावलं होतं, "पहिलं काम पार पडलं तर खुशाल कर. नाहीतर मुकाट्यानं काकांकडे परत." ते काम म्हणजे एका हॉटेलच्या अंगणातलं दगडी कुंड. काठावरचे मासे कोरून होत आले होते.

एका दुपारी तो चहा न घेताच आला.

"रागावणार नसाल तर... आज तुमचा ठोका बद्द येतोय. रोज कसा खणखणीत असतो."

"रोज ऐकता?"

"ऐकतो," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

बद्द वाजतो तो तडकलेला दगड, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दगड आला त्या आनंदात आत चीर आहे का ते वाजवून बघायचंच राहिलं होतं; ठोके खाऊन ती आता उघडली असणार! तिनं कुंडावर पाणी ओतलं. सगळा दगड सुकला, केसाएवढी एक रेघ मात्र ओलीच राहिली. तडा.

"राळ भरून बुजवता येईल... कुणाला कळायचं नाही," ती पुटपुटली. "पण गळेल हो ते, आज ना उद्या." तिनं डोळे पुसले आणि हॉटेलच्या मालकीणबाईंना फोन लावला.

बाई तडक आल्या. माशांवरून बराच वेळ हात फिरवत राहिल्या.

"गळतं ना? मग यात झाड लावते. पाण्यासाठी दुसरं करा. मासे मात्र अस्सेच हवेत हं!"

बाई गेल्या. तिनं बाबांचा नंबर लावला. तेवढ्यात डॉक्टर धीर करून बोलून गेला, "मला... मला तुम्ही फार आवडता."

तिनं त्याच्याकडे बघतच फोन कानाला लावला.

"बाबा, काकांना सांगा, माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या... हो, खरंच! आणि बाबा, रविवारी एकाला घरी आणतेय... अहो दगड नाही, माणूस!"