उलटं छापलेलं गाव

काकांच्या फ्रेमच्या दुकानात ती काच कापत होती, तेव्हा तो आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चित्र त्यानं काउंटरवर अलगद उलगडलं. काळ्या-पांढऱ्या रेघांचं एचिंग. शेताचा उतार, बांधावर एकटं झाड, खाली ओथंबलेलं आभाळ.

"कुठलं गाव हे?"

"माझं. फक्त उलटं. पत्र्यावर कोरलेलं छापताना फिरतं ना... झाड खरं तर उजवीकडे आहे."

"म्हणजे चुकलंच की."

"मग बरोबर कुठलं, ते बघायला या एकदा."

ती मान खाली घालून माप घेऊ लागली, पण हसू काही लपेना.

मग तो येतच राहिला. कधी नवी चौकट हवी म्हणून, कधी जुनी सैल झाली म्हणून — ती सैल नसायचीच. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. गावाकडे कुठली बस जाते, झाडाखाली वारा कसा लागतो, सगळं तिला तोंडपाठ झालं.

एकदा ऐन गर्दीत तो हळूच म्हणाला, "मी गावीच छपाईचं काम सुरू करतोय. येशील? ...कायमची?"

गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. काकांचा हातोडा थांबला. तिचे कान तापले आणि तोंडातून निघून गेलं, "त्या काळ्या-पांढऱ्या गावात? मला बाई रंगीत आवडतं."

सगळे हसले. तोही हसला... आणि पुन्हा आला नाही.

आज येईल, उद्या येईल करत तिनं पावसाळा घालवला. हिवाळ्यात मात्र राहवेना. एका सकाळी तिनं ती बस पकडली. झाड खरंच उजवीकडे होतं. अंगणात तो दोरीवर ओले कागद वाळत घालत होता. तिला बघून त्याचा हात तसाच राहिला.

"माझं लग्न ठरलंय," तो म्हणाला. "नुकतंच."

"त्या दिवशी सगळे बघत होते रे. लाजले मी. मला यायचं होतं."

"मला वाटलं, नाही म्हणालीस."

"परत विचारायचंस ना."

"तू यायचंस ना..."

थांब्यापर्यंत दोघं थंडीबद्दल बोलले, पिकाबद्दल बोलले. बस आली. ती खिडकीशी बसली.

"जेवून तरी जायचंस," तो खालून म्हणाला.

"नको. आई वाट बघत असेल."

बस सुटेपर्यंत तिनं त्याच्यावरची नजर हटवली नाही. त्यानंही नाही.