गाणारा उजवीकडे सरकला

दादाची बदली झाली आणि त्याने आपला अवाढव्य स्टिरिओ तिच्या गळ्यात मारला. तो जोडायला आला स्टिरिओवाला – सडपातळ, कमी बोलणारा, हातात तबकड्यांची पिशवी.

"रॉक? नको बाई, नुसता दणदणाट!" दाताची डॉक्टर होती ती. दिवसभर ड्रिलची घरघर ऐकून तिचे कान किटलेले.

"एकच बाजू ऐका. रेकॉर्डिंग चांगलं असलं ना, की गाणारा दोन स्पीकरच्या बरोब्बर मधे येऊन उभा राहतो."

आणि अहो, राहिला की! ओळीआधी गाणाऱ्याने घेतलेला श्वास... ड्रमवाल्याच्या स्टुलाची करकर... ती गारच पडली. मग दर रविवारी तो नवा अल्बम घेऊन यायचा, 'वायर तपासायला'. तीन महिने कुठली वायर तपासत होता, देव जाणे! तीही विचारत नव्हती. फक्त शनिवारपासूनच तिचं कशात लक्ष लागत नसे.

एका रविवारी त्याने स्पीकर नव्याने लावले. ती म्हणाली, "गाणारा उजवीकडे सरकलाय."

"छे! मधेच आहे." त्याने बटण किंचित फिरवलं. "आता?"

"आता तर पार भिंतीला टेकला!" ती हसली. तो हसला नाही. त्याने हळूच उजव्या कानावर हात ठेवला... मग डाव्यावर. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"सर्दी असेल म्हणून सोडून दिलं होतं मी," तो पुटपुटला.

सर्दी नव्हती. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा कान जाणार. डाव्याचं आत्ताच काही सांगता येत नाही. एवढं त्याने फोनवर सांगितलं आणि वर म्हणाला, "दुसरा माणूस बघा." पुढचे दोन रविवार तो आलाच नाही. तिला घर खायला उठलं.

त्यानंतरच्या सोमवारी भर दुपारी दवाखाना बंद करून ती त्याच्या वर्कशॉपवर धडकली. तो उघड्या अॅम्प्लिफायरसमोर नुसता बसला होता.

"दुसरा माणूस नकोय मला," ती म्हणाली. "तू हवास."

'तू' ऐकून त्याने मान वर केली. "उद्या काहीच ऐकू आलं नाही तर?"

"तर ओरडेन. आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलतात."

"थट्टा नको. माझं कामच कानांचं आहे. उद्या तुला वाटेल, कुठे अडकले..."

"मला भीती वाटते रे... खूप. पण तू नसलास की जास्त वाटते." ती त्याच्या उजवीकडच्या स्टुलावर टेकली. "प्रेम आहे माझं तुझ्यावर. कळलं?"

तो उठला, टेबलाला वळसा घालून तिच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला आणि डावा कान तिच्या अगदी जवळ आणला. त्याचे डोळे भरून आले होते.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "ऐकू आलं मला. तरी सांग."