पहिल्या गोलकीपरचा खिळा

"सुटला! परत सुटला!"

चेंडू उलिसेसच्या दोन्ही हातांत आला होता. तरीही तो साबणाच्या वडीसारखा सटकून जाळ्यात गेला. सरावातला हा तिसरा! पायसांदू गावच्या पुएर्तो विएहो फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक ओलिवेरा सर वैतागले.

"बास! शनिवारच्या फायनलला गोलात रामिरो उभा राहील."

उलिसेसनं ग्लव्ह्ज काढून गवतावर आपटले. दोन वर्षं बाकावर बसलेल्या रामिरोनं एका आठवड्यात त्याची जागा पटकावली होती.

"हे रामिरोचंच काम!" मैदानाबाहेर येताच तो धाकट्या बहिणीला, इरुपेला म्हणाला. "माझ्या ग्लव्ह्जना काहीतरी फासलंय त्यानं."

"रड नंतर. आधी मोरोकडे बघ!" इरुपे म्हणाली.

क्लबचा कुत्रा मोरो उलिसेसचे ग्लव्ह्ज मिटक्या मारत चाटत होता. शेजारच्या रामिरोच्या ग्लव्ह्जना त्यानं साधं हुंगलंही नाही! इरुपेनं एक ग्लव्ह नाकाशी धरला.

"दादा, याला भाजलेल्या मांसाचा वास येतोय!"

दोघं दबकत क्लबच्या मागच्या पडवीत शिरली. हिवाळी सुट्टी लागल्यापासून पाऊस थांबत नव्हता, म्हणून मोठ्यांनी मांस भाजायची शेगडी अंगणातून इथं आणली होती. आणि तिच्या बरोबर वर होता तो खिळा! धुतलेले ग्लव्ह्ज त्यावर वाळत घालायचा मान चाळीस वर्षं पहिल्या गोलकीपरचा होता.

"चरबीचा सगळा धूर थेट ग्लव्ह्जवर!" उलिसेस पुटपुटला. म्हणजे रामिरोनं काहीच केलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

पावलं वाजली! दोघं लाकडांच्या ढिगामागे दडली. क्लबचं सामान सांभाळणारे म्हातारे आन्सेल्मो गुणगुणत आले. त्यांना सगळे आदरानं 'डॉन आन्सेल्मो' म्हणत. त्यांनी रामिरोचे ओले ग्लव्ह्ज खिळ्याला अडकवले आणि खाली निखारे फुंकायला घेतले.

"आता शनिवारी त्याच्या हातून चेंडू सुटतील," इरुपे कुजबुजली. "तू गप्प बसलास तर..."

तर जागा परत उलिसेसची! शेगडीतून धुराची पहिली रेघ वर निघाली, आणि तो ताडकन उठला.

"डॉन आन्सेल्मो, काढा ते ग्लव्ह्ज!"

ओरडा ऐकून ओलिवेरा सर आणि रामिरो धावत आले. उलिसेसनं धापा टाकत सगळं सांगितलं.

"काहीतरीच!" डॉन आन्सेल्मो हसले. "चाळीस वर्षं खिळा तोच आहे, पोरा."

"खिळा तोच, पण शेगडी हलली ना!" इरुपे म्हणाली. "सर, दादाचे ग्लव्ह्ज तुम्हीच घाला. रामिरो, मार चेंडू!"

सरांनी चेंडू झेलला, तो सटकला आणि थेट त्यांच्या पोटावर आदळला!

"आई गं!... हा आम्हा मोठ्यांचाच गाढवपणा," पोट चोळत सर म्हणाले. "शाब्बास पोरांनो! चला, कोरडे, स्वच्छ ग्लव्ह्ज घ्या. दोघांना पाच-पाच पेनल्टी!"

रामिरोनं तीन अडवल्या. उलिसेसनंही पहिल्या चारांतल्या तीन अडवल्या. शेवटची कोपऱ्यात चालली होती. उलिसेसनं झेप घेतली आणि चेंडू छातीशी घट्ट आवळला.

"शनिवारी तूच," सर म्हणाले.

रामिरोचा चेहरा उतरला, पण हात त्यानंच आधी पुढे केला. "गप्प बसला असतास तर मी तोंडावर आपटलो असतो. का सांगितलंस?"

"चेंडू तुझ्या हातून सुटला असता, तरी गोल चढला असता आपल्याच क्लबवर ना!"

डॉन आन्सेल्मोंनी खिळा उपटला आणि लांब खिडकीजवळ ठोकला. मग खिशातून दुसरा खिळा काढून त्यांनी तो अगदी त्याच्या शेजारी ठोकला.